तांड्यातला एकटा फ्रान्सवाला

११ डिसेंबर, रविवार

उशीर झाला. पाडव्यानंतर ही वही आज उघडली. माफी कोणाची मागायची कळत नाही, वहीचीच मागतो. कापूस होता, कंबर होती, चष्म्याची काडी मोडली होती. खरं म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

फ्रान्सने इंग्लंडला हरवलं. दोन-एक. मी झोपलेला होतो. सकाळी सुनेने मोबाइलवर दाखवलं. इंग्लंडवाल्याने पेनल्टी आभाळात मारली. तीनदा बघितली. मी शाळेत गोलकीपर होतो, मला माहीत आहे, असा बॉल नशिबानेच येतो.

तांड्यात कोणाला आनंद नाही. परवापर्यंत निम्मा तांडा ब्राझीलवाला होता. ब्राझील गेलं आणि पोट्टे एका रात्रीत आर्जेंटिनावाले झाले. पिवळा बनियन काढला, निळा-पांढरा घातला. लाज नाही. मी मागच्या वर्ल्ड कपलाही फ्रान्सचा होतो, त्याआधी ते हरले तेव्हाही होतो. माणसाने एक काहीतरी धरावं.

नामदेवचं (पुढे नुसतं ना. लिहितो) वेगळं. तो नाल्यापलीकडचा, फुलसावंगीचा, कुणब्याचा. जुना आर्जेंटिनावाला, त्याला मी काही म्हणत नाही. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तो पुढे खेळायचा, मी गोलात. त्याचं तोंड तेव्हाही पायांपेक्षा जास्त पळायचं.

छातीत जळजळ. वांग्याची भाजी रात्री खायला नको होती.

१४ डिसेंबर, बुधवार

आर्जेंटिना फायनलला. तीन-शून्य. मी चूळ भरायच्या आत ना. ओट्यावर हजर. मफलर, काठी, काठीला निळी-पांढरी चिंधी.

"काय बे रामधन, जिता हाय का तुमचा फ्रान्स?"

"उद्या पाह्य."

"उद्या मोरोक्को त्याईले वाळवंटात नेऊन सोडते."

सुनेने विचारलं, "काका, साखरेची गोळी घेतली का?" तर म्हणतो, "आर्जेंटिना जितली का गोळी लागत नाही माय." आणि वर गुळाचा चहा मागितला. म्हणे गुळाला कोणी साखर म्हणत नाही.

आम्ही सगळ्या फायनली एकत्र पाहिल्या. पहिली ग्रामपंचायतीच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर. कोण कुठल्या देशाचं ते कळतच नव्हतं. ना. टाळी वाजवायचा, मग मी पण. घरी येताना समजलं, अर्धा वेळ आम्ही दुसऱ्यांसाठीच टाळ्या वाजवत होतो.

यंदा तांड्याचा नायक वसंत समाजमंदिरात पडदा लावणार. महागावच्या डीजेवाल्याकडून प्रोजेक्टर. मला काळजी विजेच्या डीपीची. मागच्या महिन्यात दोनदा जळाली. ऐन फायनलला जळाली तर? वसंतला म्हटलं, जनरेटर सांगून ठेव. म्हणाला, "बापू, तुमी फ्रान्सची काळजी करा."

१५ डिसेंबर, गुरुवार

फ्रान्सही पोचलं. दोन-शून्य. सकाळी काठी आपटत दोनदा तांड्यातून फिरलो.

संध्याकाळी पोट्ट्यांनी टूम काढली, फायनलआधी नसाब, तांड्याची पंचायत, बसवायचा. ज्या लिंबाखाली आजवर सोयरीक मोडल्याचे, बांध कोरल्याचे निवाडे झाले, तिथे बॉलचा निवाडा. नायकाच्या दगडावर वसंत बसला. बाप गेल्यापासून तोच नायक, मिशी अजून नीट आली नाही. एका बाजूला मी एकटा, दुसऱ्या बाजूला सगळा तांडा आणि ना.

वसंत म्हणाला, "नामदेवकाका, तुमी कोर. कोराले नसाबात तोंड नसते. एखादा गोर वकील करा." आम्ही बंजारा म्हणजे गोर, बाकी सगळं जग कोर, हा आमचा जुना हिशेब. सगळे हसले. मीही हसलो. ना. पण हसला. "मंग मुका बसतो," म्हणाला. आणि लगेच बोलायला लागला.

आधी मी बोललो. फ्रान्सची टीम बघा म्हटलं, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, तरी बॉल बरोबर ज्याच्या त्याच्या पायात जातो. ना. म्हणाला,

"ते काय टीम हाय का? अर्ध्याईचे बाप कुठून कुठून आलेले. गोळा केलेलं बिऱ्हाड हाय ते. आज इथं, उद्या तिथं. मातीचा खेळ मातीतल्या मानसानं खेळाव."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या.

बिऱ्हाड. माझा आजा बैलांवर मीठ लादून या मुलखात आला. लदेणी संपली, बैल विकले, तांडा इथे उतरला. तेव्हा नाल्यापलीकडच्यांनी हाच शब्द काढला होता. शाळेत मी आलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, बिऱ्हाड आलं, बिऱ्हाड आलं. तेव्हा एकाचं नाक नामानेच फोडलं होतं. गुरुजींनी त्याला उन्हात उभं केलं.

आज तोच म्हणाला. हसत म्हणाला.

मी उठलो आणि घरी आलो. मागून वसंत, "नसाबातून उठला तो हरला. बापू हरले." रीत तशीच आहे. दुखलं तर तिथेच तोंडावर सांगायचं. मी सांगितलं नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार

झोप नाही. बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून अजून एक घेतली. मग दोन झाल्या असतील याची भीती. मनगट धरून बसलो.

सेवीने विचारलं, काँई हुओ. काही नाही म्हटलं. पन्नाशी उलटून गेली आमच्या लग्नाला, काही नाही म्हटलं की ती समजते. सून म्हणाली, "बापू, फ्रान्सचंच एवढं वाईट वाटलं का?" हो म्हटलं. फ्रान्सचंच.

ना. आला नाही. रोज येणारा माणूस.

दिवसभर शब्द जुळवले. त्याला हे म्हणेन, ते म्हणेन. मग वाटलं, म्हणायचं कशाला, दाखवावं. झेंडा करू. आर्जेंटिनाच्या माळा साऱ्या तांड्यावर लटकल्या आहेत, माझ्या घरावर फ्रान्सचा झेंडा नको? निळ्यासाठी मुलाची जुनी शाळेची चड्डी, पांढऱ्यासाठी माझं धोतर. लाल मिळेना. सेवीने पेटी उघडली, आतून डोक्यावर घ्यायची ओढणी, टुकरी, काढली. लग्नानंतरची, लाल, आरशांची. ती आता लुगडंच नेसते.

"फाडू?" मी विचारलं.

"फाड. पेटीत कोणाले दिसते."

आरसे काढू का म्हणून सुनेने विचारलं. राहू दे म्हटलं. फ्रान्सच्या झेंड्याला आरसे नाहीत, पण हा इथला फ्रान्स आहे.

१७ डिसेंबर, शनिवार

सकाळी झेंडा बांबूवर चढवला. वर लाल, मधे पांढरा, खाली निळा. लगेच पोट्टे जमले. हसून हसून खाली बसले.

"बापू, हा तं हॉलंडचा झेंडा. त्याईले आर्जेंटिनानं मांगच घरी धाडलं."

मोबाइल काढून दाखवला. खरंच. फ्रान्सचे पट्टे उभे, हॉलंडचे आडवे. मी आडवे शिवून घेतले. वसंत म्हणाला, "उतरवा आता."

उतरवला नाही. सोडला आणि पलटून दुसऱ्या बाजूने बांधला. पट्टे उभे राहिले. बांबूकडे निळा, टोकाला लाल. "झाला फ्रान्स," म्हटलं. "आता हसा." एक-दोघे तरीही हसले. ऊन आलं तसे आरसे लखलखायला लागले. चिमणीएवढे उजेडाचे तुकडे नाल्यापलीकडे जाऊन पडत होते.

मग चालत नामाच्या शेतात गेलो. दम लागला. दोनदा बांधावर बसलो. वेचणीच्या बाया ओळीने होत्या, ना. बोरीखाली खाटेवर, पाठ माझ्याकडे.

"तुह्या त्या झेंड्यानं डोळे दिपून राह्यले," तो न वळताच म्हणाला. "बायाईले कापूस दिसून नाही राह्यला."

"परवा बिऱ्हाड कोणाले म्हणलं तू?"

"फ्रान्सले."

"मंग मले फ्रान्सच समज."

तो वळला. त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

"तू कायले फ्रान्स? तू तं इथचा."

"तेबी तिथचेच हायेत."

एक बाई ओटीतला कापूस तशीच धरून उभी राहिली. ना. काठीने ढेकूळ फोडत होता. मला वाटलं आता म्हणेल, चुकलं बे. तर म्हणाला,

"अन् मले कोर म्हणलं तवा तू काहून हसला?"

मी चप्पल काढून त्यातला खडा झटकला.

"तुह्या मायच्या, याडीच्या, हातची भाकर खाऊन शाळेत गेलतो मी. तिनं कधी मले कोर म्हणलं नाही."

"वसंत्यानं गंमत केली."

"मीबी गंमतच केली."

"तो शब्दच तसा हाय. बाहेरच्याले म्हणतेत."

"मी बाहेरचा?"

तेव्हा हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. नसाबाच्या रीतीत तो बाहेरचाच. माझ्या घरात कधी नव्हता. दोन्ही खरं आहे, आणि उन्हात उभं राहून एवढं लांब कोण बोलणार.

"उद्या मी घरीच पाह्यतो मॅच," ना. म्हणाला.

"पाह्य."

आलो. येताना नाल्यात पाय घसरला, चप्पल वाहून जाता जाता राहिली. मी काहीही कमी बोललो नाही. जास्तही नाही. झेंडा उतरणार नाही.

रात्री सेवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "याडी त्याले नामिया म्हणे." एवढंच बोलली आणि चूल सारवायला लागली. मी विसरलो होतो. मरायच्या आधीही आईने विचारलं होतं, नामिया जेवला का.

१८ डिसेंबर, रविवार

आज फायनल. वीज सकाळपासून दोनदा गेली, दोनदा आली. प्रोजेक्टर आला. पडदा म्हणजे कोणाच्या तरी लग्नातला मांडवाचा कपडा, एका कोपऱ्यात वरणाचा डाग. बॉल तिकडे गेला की दिसणार नाही.

सकाळी वसंतकडे गेलो. तो दाढी करत होता. उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर धीर गेला असता.

"गुरुवारचा नसाब उठला नाही. नायकानं उठवला नाही, मी उठून गेलतो. म्हणून मी हरलो असं कोणी म्हणाव नाही. आज मॅचच्या आधी पुन्हा बसव."

"बापू, ते गंमत होती."

"गंमत असती तं नायकाच्या दगडावर कायले बसला? खाटेवर बसला असता."

गालावर फेस तसाच ठेवून त्याने वस्तरा खाली घेतला.

"अन् नामदेव बोलन. कोर म्हणून त्याले कोणी मुकं बसवाव नाही. आधी तोच शब्द नसाबात ठेवतो मी. मंग बिऱ्हाड. मंग बॉल."

"रीत नाही बापू. कोराले नसाबात..."

"रीत मी तुह्या बापाजवळ शिकलो. त्यानं कधी बॉलचा नसाब नाही बसवला. तू नवी रीत काढली. काढली तं पुरी कर."

त्याने वस्तरा पाण्यात बुडवला. म्हणाला, तांडा ऐकणार नाही. ऐकला नाही तर मी एकटा बसतो म्हटलं. फ्रान्सलाही एकटाच बसलो आहे, सवय आहे. शेवटी म्हणाला, "बसवतो. पन काका येतेत का?"

हेच तर.

दुपारी समाजमंदिरात पहिल्या ओळीत, डाग नाही त्या बाजूला, दोन खुर्च्या ठेवल्या. एका पोट्ट्याने एक ओढायला बघितली. काठी दाखवली.

सुनेला म्हटलं, नामदेवच्या मोबाइलवर निरोप टाक. ती म्हणाली, सांगा, लिहिते. तोंडाने सांगताना गोंधळ होईल, म्हणून इथे आधी लिहितो, इथूनच उतरवून घे म्हटलं आहे:

नामा, फ्रान्स सोडणार नाही. तू आर्जेंटिना सोडू नको. बिऱ्हाड हा शब्द मी विसरलो नाही, विसरणार नाही. तो तू समोर बसून पुन्हा म्हण, मी समोर बसून उत्तर देतो, यावेळी उठणार नाही. पण त्याआधी कोर शब्दाचा निवाडा होईल. मी मांडणार आहे. मी हसलो होतो हेही मांडणार आहे. वसंत बसवतो म्हणाला. तुझ्याशिवाय तो नसाब होत नाही. साखरेची गोळी घेऊन ये, गूळ मिळणार नाही.

सुनेने टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, "वाचलं काकाईनं. दोन निळ्या रेघा आल्या." मग अजून थोड्या वेळाने, "काही लिहून राह्यले." मग, "थांबले."

पुन्हा पुन्हा तिला विचारतो. ती चिडली. मोबाइल माझ्याच हातात देऊन भाकरी टाकायला गेली.

झेंड्यावर अजून ऊन आहे. आरसे नाल्यापलीकडे चमकत असतील. तू बोरीखाली असशील तर तुला दिसत असतील, नामा. येतोस की नाही, दोन्हीतलं काहीही, पण ऊन जायच्या आत कळव.