राव अँड सन्स ब्रुअरी: ऑटम न्यूज

२७ ऑगस्ट १९९५, रविवार

हरिताने बेंगळूरहून शर्ट पाठवला. टाईट आहे. पण ज्या कागदात गुंडाळला होता तो कागद म्हणजे लॉटरी! कुठल्यातरी इंग्लिश मासिकाचं पान. वर ठळक मथळा, आमच्या गावच्या ब्रुअरीज आणि पबच्या ऑटम बातम्या. अमुक पबने सफरचंदाची बियर काढली, तमुकने शेकोटी पेटवली, सर्वांनी यावे. गाव केवढं, तर आपल्या करंदै पेठेएवढं. आणि ब्रुअरीज तीन! इथे तंजावुरात हजार वर्षांचं देऊळ आहे, राजवाडा आहे, आणि माणसाला तहान लागली तर जाळीच्या खिडकीतून हात घालून बाटली घ्यायची. चोरासारखी.

ठरलं. राव अँड सन्स सोडा फॅक्टरीची आता ब्रुअरी होणार. पुढच्या खोलीत पब. वडिलांनी गुलाबपाण्याचा पन्नीर सोडा काढला तेव्हाही लोक हसलेच होते. मशीन आहे, क्रेट आहेत, गोळीच्या बाटल्या ढीगभर. परदेशी कोला आल्यापासून नुसत्या धूळ खातायत.

संकल्प: आजपासून पिणं बंद. मालकाने पिऊ नये. फक्त टेस्टिंग.

अंबुजा जूनपासून लेकीकडेच, हरिताकडे आहे. पोरीला मेसचं जेवण सोसत नाही म्हणून. भांडण वगैरे काही नाही. हरिताला बघायला माणसं आली तेव्हा मी कॉफीच्या ट्रेसकट पडलो, ते उन्हाने. मे महिना होता. कोणीही पडेल. बायकांना उगीच दारूच दिसते.

हे देवनागरीत लिहितो ते बरं. मायलेकी मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ.

३१ ऑगस्ट

एक्साइजच्या ऑफिसात जाऊन लायसन्सची चौकशी केली. साहेबाला समजावलं की सर, चार वर्षं झाली, दिल्लीने लायसन्स-राज संपवलं, सगळं ओपन आहे. साहेब हसला. म्हणाला, सार, ते मोटारींसाठी, बियरसाठी नव्हे. घरी जा, सोडा करा.

अमरसिंहचं मत: साहेबाला विचारायला गेलो हीच चूक. अमरसिंह म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त आणि आता पार्टनर. राजवाड्याशी लांबचं नातं सांगतो, लँब्रेटावर फिरतो. म्हणाला, आमच्या घराण्यात कोणी परमिशन मागितली नाही. मुद्दा बरोबर आहे. लायसन्स येईपर्यंत मालाचं नाव जिंजर सोडा स्पेशल.

४ सप्टेंबर

पहिला घाणा! देशी औषधांच्या दुकानातून बार्ली, गूळ, सुंठ, बेकरीतून यीस्ट. अंबुजाचं लग्नातलं मोठं पातेलं कामी आलं. शेषम्मा नाकाला पदर लावून केर काढत होती. बावीस वर्षं घरात काम करते, स्वतःला घरची मोठी समजते. काय शिजतंय, अय्या? म्हटलं, औषध. ती म्हणाली, अम्मा येऊ देत, मग बघू औषध.

दुपारी अमरसिंहने टेस्ट केलं. मत विचारलं तर म्हणाला, एका ग्लासात मत होत नाही. चौथ्या ग्लासात झालं: फर्स्ट क्लास. सोबत म्हणून मीही टेस्ट केलं. जागा झालो तेव्हा वेताच्या खुर्चीत होतो, तोंडावर ऊन, एक चप्पल गायब. माल कडक झाला आहे हे सिद्ध.

उद्यापासून टेस्टिंगसुद्धा चमच्याने.

९ सप्टेंबर

एसटीडी बूथवरून फोन केला. पहिल्यांदा हरिताच बोलली. अप्पा, जेवताय ना? मग अंबुजा आली. नवरात्राला येते म्हणाली! कोलू मांडायला, पायऱ्यांवर बाहुल्या. तिच्या आईच्या बाहुल्या आहेत, मातीच्या, एकही वर्ष पेटीत राहिल्या नाहीत. येते, मांडते, बघते, मग ठरवते, असं म्हणाली. काय ठरवायचंय ते मी विचारलं नाही. बूथवाला ऐकत होता.

एकच अट घातली. घरात एक थेंब असता कामा नये. मी मोठ्या देवळाच्या नंदीची शपथ घेतली. मीटर पळत होतं. मग ती म्हणाली, मल्लीच्या झाडाला पाणी घालता ना हो? म्हटलं, रोज!

घरी येऊन मोगऱ्याला पाणी घातलं. एक फांदी अजून हिरवी आहे.

शपथ खोटी नाही. मी पीत नाही. घरात आहे तो माल आहे. कापडदुकानदाराच्या घरात साड्या असतात म्हणून काय तो साड्या नेसतो?

१५ सप्टेंबर

बाटल्या भरल्या. मशीनमध्ये उलट्या केल्या, जरा गॅस मारला, फिरवल्या, गोळी टच्चकन गळ्यात बसली. आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. हा आवाज ऐकत मी मोठा झालो. अमरसिंह म्हणाला, यीस्ट आत जिवंत आहे, तो आपला आपण गॅस करतो म्हणतात, बाटल्या फुटतील. मी त्याला हसलो. तीन पिढ्यांचा सोडावाला आहे मी. गॅस सिलिंडरमधून येतो. आपण भरू तेवढाच असतो. कोणी सांगितलं याला, लँब्रेटाने?

ऑटम न्यूज: राव अँड सन्सची पहिली बियर बाटलीत. सर्वांनी यावे.

(ऑटम म्हणजे आपल्याकडे काय? ऐप्पसीचा, दिवाळीतला पाऊस. तोही अजून आलेला नाही. उकडतंय.)

२१ सप्टेंबर, गुरुवार

सगळ्या देशात गणपती दूध पितोय म्हणे! रस्त्यात रांगा. वत्सलाबाई शेजारून धावत आल्या, चमचा हातात. राजगोपालराव, तुमच्या गणपतीने प्यायलं का? मी म्हटलं, बघतो. घरात दूधच नव्हतं. जूनपासून आणलेलंच नाही. एकटा माणूस, काळी कॉफी चालते. दुकानात गेलो तर दूध संपलेलं, सगळं देवांनी प्यालेलं.

आमचा गणपती तसाच बसून राहिला. त्याच्यासमोर जरा वाईट वाटलं. म्हणून दोन ग्लास टेस्टिंग. चमचे धुतलेले नव्हते.

२३ सप्टेंबर, शनिवार. सकाळ

घोटाळा. उद्या अंबुजा येणार, आणि फॅक्टरीची शेड म्हणजे ती पहिली जाऊन बघणार ती जागा. माल कुठे ठेवायचा? अमरसिंहकडे नको. त्याच्याकडे ठेवलेला माल टिकत नाही. ओतून टाक, असं शेषम्मा म्हणते. बाई अडाणी आहे.

दुपार

सापडलं! मी किती हुशार आहे हे कोणाला सांगता येत नाही हीच खंत. कोलूच्या पायऱ्या आम्ही दर वर्षी पेट्यांवर पेट्या रचून करतो, वर धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर. या वर्षी पेट्यांऐवजी क्रेट! भरलेले क्रेट जड, हलत नाहीत. वर वेष्टी. नऊ पायऱ्या. माल घरातच, कोणाच्या डोळ्यांत नाही. शिवाय अंबुजा आली की कोलू तयार. सव्वीस वर्षांत मी एकदाही हात लावलेला नाही. रडेल ती.

संध्याकाळ

बाहुल्या भुशातून काढल्या, एकेक पुसली. सर्वांत वर लाकडी राजाराणी, अंबुजाच्या लग्नात आईने दिलेली. मग दशावतार. कृष्णाचं बोट तुटलेलं होतं, ते हरिता पाच वर्षांची असताना. तेव्हा अंबुजाने तिला मारलं आणि मग दोघी रडल्या. मी डिंकाने चिकटवायचं कबूल केलं होतं. आज चिकटवलं.

सर्वांत खाली चेट्टियार, म्हणजे वाणी, आणि त्याची बायको, पुढ्यात तांदूळडाळीचं दुकान. दोघंही गलेलठ्ठ, हसरी. एकमेकांना बरी शोभतात.

वेष्टीच्या आतून सिरियल बल्ब सोडले. पायऱ्या आतून उजळल्या. शेषम्मा दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, अय्या, आत टिकटिक कसली? म्हटलं, पाली.

आज टेस्टिंग शून्य. खरंच शून्य. कोणाचीही शपथ.

२४ सप्टेंबर, अमावास्या

आली.

बसने आली, सुजलेले पाय. पिशवी दारात ठेवली आणि कोलू बघितला. किती वेळ उभी. मी सांगत होतो, लाइट आतून आहेत, वायर मागून नेली आहे. ती म्हणाली, तुम्ही मांडलंत? तुम्ही? कृष्णाच्या बोटाला हात लावून बघितला. मग पदर तोंडाला लावला. रडली. मी म्हणालोच होतो रडेल.

मग शेडमध्ये जाऊन आली. काही नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली, वास घेतला. काही नाही. म्हणाली, बारीक झालात हो. रात्री डांगर पचडी आणि गरम भात केला. तीन महिन्यांनी घरात फोडणीचा आवाज.

जेवताना म्हणाली, हरिताला कळवते, दिवाळीपर्यंत इथेच राहीन. मग पुढचं बघू. मी फक्त हं म्हटलं. आणि भात परत वाढून घेतला.

नवरात्र संपलं की माल हळूच अमरसिंहकडे हलवतो. पब नंतर बघू. पब काय पळून जातोय? नाहीतर ओतूनच टाकावा सगळा. हो, ओतून टाकतो. मंगळवारी.

२५ सप्टेंबर. सकाळ

मल्लीच्या हिरव्या फांदीला एक कळी आहे. अंबुजानेच दाखवली. नैवेद्याला चण्याचं सुंडल शिजतंय. संध्याकाळी सुवासिनी येणार. बल्ब सकाळपासूनच लावून ठेवले आहेत, ती म्हणाली फार छान दिसतात.

२६ सप्टेंबर

काल लिहिलं नाही.

आठ-दहा बायका होत्या. कांजीवरम, हळदकुंकू, सगळं. वत्सलाबाईंनी विचारलं, यंदा मांडलं कोणी? अंबुजा म्हणाली, यांनी. अशी म्हणाली की मी दारामागे उभा होतो तो तिथेच बसलो. मग तिला गायचा आग्रह झाला. लग्नानंतर पहिल्या वर्षी गायची तेच गाणं तिने धरलं.

दुसऱ्या ओळीला पहिली बाटली फुटली. मला वाटलं फटाका. मग दुसरी. मग क्रेटच्या क्रेट. वेष्टी फुगली आणि सगळ्या पायऱ्या एकदम खाली बसल्या. दशावतार गेला. कृष्ण गेला. बायका किंचाळत अंगणात. वत्सलाबाईंची साडी कमरेपर्यंत भिजलेली, आणि घरभर तो वास. तो वास कोणाला ओळखू आला नाही असं नाही. देवाची कृपा, कोणाला काच लागली नाही. फक्त फेस. फेस चांगला धरला होता.

बायका हळदकुंकू न घेताच गेल्या. अंबुजा ओरडली नाही. ओरडायला हवं होतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. बल्बची उष्णता, क्रेट जुने, अमरसिंह. ती खाली बसली, ओली वेष्टी उचलली, गोळीची एक बाटली हातात घेतली. वास घेतला. म्हणाली, खाली हेच होतं का?

म्हटलं, मंगळवारी ओतणार होतो.

म्हणाली, काल मी त्याला नमस्कार केला.

आज सकाळी तिने आणि शेषम्माने मातीचे तुकडे धोतरात बांधले आणि तिरुवैयारूला कावेरीत सोडून आल्या. भंगलेली बाहुली घरात ठेवत नाहीत. मी येतो म्हटलं तर ती म्हणाली, नको. लाकडी राजाराणी तेवढी वाचली होती. ती पुसून पिशवीत घातली, हरिताच्या लग्नात द्यायची म्हणून. दुपारच्या बसने गेली. बस सुटताना मी म्हटलं, दिवाळीला? तिने खिडकीतून माझी कॉलर सरळ केली.

कॉलर सरळ केली म्हणजे येणार. राग असता तर हात लावला असता का?

३ ऑक्टोबर, विजयादशमी

आज कोलूतल्या एखाद्या बाहुलीला झोपवायचं असतं. मग खेळ संपला. अंबुजा दर वर्षी झोपवायची, मी पेपर वाचत असायचो. यंदा झोपवायला काय आहे? तरी शोधलं.

झोपाळ्याखाली, भिंतीशी, चेट्टियार सापडला. अख्खा. नुसता रंग उडालेला. तसाच हसतोय. त्याची बायको नव्हती. पुष्कळ शोधली, शेषम्माला विचारलं. ती म्हणाली, ती नदीत गेली, अय्या.

बेंगळूरला फोन केला. हरिता म्हणाली, अम्मा शेजारच्यांकडे कोलू बघायला गेली आहे. मी म्हटलं, तिला सांग, आता घरात खरंच काही नाही. हरिता म्हणाली, सांगते, अप्पा. ते तर तुम्ही नेहमीच म्हणता, असं नाही म्हणाली. चांगली मुलगी आहे.

चेट्टियारला पाटावर आडवा केला. उशाला रुमाल दिला.

संध्याकाळ

मघाशी खोटं बोललो नव्हतो. झोपाळ्यामागे एक बाटली वाचली होती, ती नंतर दिसली. ओतायला अंगणात गेलो. मल्लीपाशी. मग वाटलं, तिची कळी जळेल.

अंगठ्याने गोळी आत दाबली. प्यालो. लपवायला कोणी नाही, तर टेस्टिंग कशाला म्हणू, प्यालो.

बियर खरंच चांगली झाली होती. सुंठ मागून येते, गूळ कळत नाही. हे अंबुजाला सांगायला हवं होतं. घरात कोणीच नाही.