बाबांसोबत, वीस फुटांवरून

३ नोव्हेंबर
बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलंय, रोज सकाळी चालायचंच, आणि सोबत घरचं माणूस हवंच. नाही चालले तर गुडघा आखडेल तो कायमचा. घरचं माणूस म्हणजे मी. बायकोची पहाटेची शिफ्ट, ताई परगावी.
संकल्प : उद्यापासून सहाला उठून बाबांसोबत मैदानाला फेरी. त्यांनी आपल्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या. लिहितानाच डोळे पाणावले.

४ नोव्हेंबर
अलार्म वाजला. कोणीतरी बंद केला. बायको ड्यूटीवर होती, त्यामुळे संशय माझ्यावरच येतो. बाबा बूट घालून हॉलमध्ये बसलेले. म्हणाले, झोप रे, काल उशीर झाला असेल तुला. झाला नव्हता.

५ नोव्हेंबर
गेलो! पण बाबा फारच हळू चालतात. दोन बाकांमधलं अंतर कापेपर्यंत ऑफिसचे सगळे मेसेज उरकले. बाबा मध्येच काहीतरी सांगत होते. काय, ते विचारायचं राहिलं. उद्या फोन घरी ठेवणार.

६ नोव्हेंबर
फोन घरी ठेवला. मीही घरीच राहिलो.

८ नोव्हेंबर
तोडगा सापडला. आपोआप उडणारा कॅमेरा ड्रोन! रिमोटची भानगडच नाही. मोबाइलवर माणसावर बोट ठेवायचं, की तो शेपटासारखा त्याच्या मागे. सगळं शूटिंग करतो, बॅटरी संपत आली की आपल्या गॅलरीत परत. म्हणजे मी बाबांसोबत असणार, फक्त वीस फुटांवरून. बायको म्हणाली, बाईंनी घरचं माणूस सांगितलं होतं, घरचं विमान नाही. तिला टेक्नॉलॉजीचं वावडंच आहे.

९ नोव्हेंबर
पहिलं उड्डाण. ड्रोन बाबांना सोडून पेपरवाल्याच्या सायकलमागे गेला. दोष ड्रोनचा नाही, बाबांच्या शर्टाचा. रस्त्याच्या रंगाचा आहे. ऑफिसातून फुकट मिळालेली भडक नारिंगी टोपी बाबांना दिली. त्यांनी मुकाट्याने घातली. शाळेत असताना मी नको म्हटलं तरी ते मला स्वेटर घालायचे, ते आठवलं. फिट्टंफाट.

१० नोव्हेंबर
जमलं! पांघरुणातून एक हात बाहेर, एक डोळा उघडा, नारिंगी ठिपक्यावर बोट. काम फत्ते. पुन्हा झोपलो.
बाबा म्हणाले, डोक्यावर सारखी भुणभुण होते रे, माश्या लागल्यासारखी. मी समजावलं, बाबा, तो मीच आहे असं समजा.

१३ नोव्हेंबर
चमत्कार! लंच टाइममध्ये व्हिडिओ पाहिला. बाबा सुसाट! मी दुप्पट वेगाने पाहत होतो हे खरं, पण तरीही. ताईला पाठवला. फोनवर रडलीच. म्हणाली, तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त झोपते. म्हटलं, मीही.
नंतर जरा टोचलं. पण ड्रोन रोज चार्जिंगला कोण लावतं?

१६ नोव्हेंबर, रविवार
बायकोला सुट्टी. सकाळी तिने पाहिलं म्हणे, बाबा निघताना माझ्या दाराशी थांबतात. हाक मारत नाहीत. थोडं थांबतात आणि जातात. हे मला सांगायची काही गरज होती का? दिवसभर घास घशाखाली उतरेना. (संध्याकाळी उतरला.)
संकल्प : उद्यापासून स्वतः.

१७ नोव्हेंबर
बाहेर धुकं. ड्रोनच पाठवला. धुक्यात त्याचे सेन्सर जास्त चांगले चालतात.

१९ नोव्हेंबर
बाबा जिना एकेक पायरी, कठडा धरून चढतात. मैदानावर वारा प्यायलेल्या वासरासारखे पळतात आणि घरी असे! विचारलं. म्हणाले, दमायला होतं. साहजिक आहे. एवढं पळू नका म्हणून दटावलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला उगाचच अपराधी वाटलं.

२२ नोव्हेंबर
फिजिओथेरपीच्या बाईंकडे तपासणी. मी ऐटीत मोबाइल पुढे केला. त्यात नारिंगी टोपी पाठमोरी चालली होती. चालता चालता तिने मैदानातला चर टुणकन ओलांडला. बाईंनी पुन्हा पाहिलं. विचारलं, हे तुमचे बाबा? मी हो म्हणालो. मग त्यांनी बाबांना विचारलं. बाबाही म्हणाले, हो, मीच. जन्मात खोटं न बोललेला माणूस.
बाईंनी त्यांना टेबलावर झोपवून गुडघा वाकवला. वाकलाच नाही. बाबांनी ओठ घट्ट मिटले, पण आवाज आलाच. बाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, महिन्याभरापूर्वी होता त्याहून जास्त आखडलाय, व्हिडिओत कोण आहे ते मला माहीत नाही, पण अजून थोडे दिवस असेच गेले तर माझ्या हातात काही उरणार नाही.
रिक्षात बाबांचा हात धरावासा वाटला. धरवला नाही. लाज वाटली.

२३ नोव्हेंबर, रविवार
सहाला उठलो. अलार्मच्या आधी. ड्रोन कपाटात.
बाबा दुसऱ्या बाकापर्यंत पोचले आणि बसले. समोरून नारिंगी टोपी आली. खाली राहणारे पी.टी.चे निवृत्त मास्तर. आम्हाला हात करून पुढे गेले. बाबांपेक्षा वीतभर उंच, डुलत डुलत चालणारे.
बाबा म्हणाले, भुणभुण सहन होईना, म्हणून टोपी त्यांना देऊन टाकली, दुसऱ्याच दिवशी.
मी म्हणालो, मग मला सांगायचं ना.
बाबा गुडघा चोळत म्हणाले, सांगायचं काय त्यात. वाटलं, मोबाइलवर भलताच माणूस दिसला की तू घाबरून धावत येशील खाली. म्हणून रोज इथे बसून वाट बघायचो.
मग म्हणाले, नाही आलास, तेव्हा वाटलं, कामात असशील.
परत येताना त्यांनी माझा खांदा धरला होता. पुष्कळ वेळ लागला. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हे इथे लिहावंसं वाटतंय, पण त्याचं कौतुक कोणाला सांगणार.
एकतर मी ते व्हिडिओ नीट पाहिलेच नाहीत, नाहीतर पाहूनही मला माझे बाबा ओळखता आले नाहीत. जिन्यात बाबांनी विचारलंच, व्हिडिओ पाहिलेच नाहीस, की पाहून मला ओळखलं नाहीस?
मी म्हटलं, बाबा, सावकाश, पायरी आहे.