ढोलीतली जोडी

४ मार्च
पुन्हा साळुंक्या! उद्यानातल्या तळ्याकाठच्या वठलेल्या झाडाची ढोली आज त्यांनी बळकावली. आमच्या बुटक्या पोपटांची शेवटची जोडी फांदीवरून नुसती बघत राहिली. धोका नको म्हणून वाळकी झाडं तोडली, मग ढोल्या उरणार किती? पोपटाला ढोली कोरता येत नाही. साळुंकीलाही नाही. भांडण तेवढंच.

९ मार्च
लाकडी पेट्या टांगल्या. माळीकाका शिडीवरूनच म्हणाले, "बाई, साळुंक्यांना आयती घरं दिलीत!" दुपारपर्यंत खरं झालं.

१६ मार्च
उद्यानाच्या साहेबांचा हुकूम — साळुंक्यांची अंडी काढा. काढली. निळीशार, अजून ऊबदार. मादी डोक्यावर घिरट्या घालून किंचाळत होती. घरी ताईला सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबली. "मग तिनं जायचं तरी कुठं गं?"
मी ताटं वाढायला घेतली.

२८ मार्च
त्यांनी पुन्हा घातली. मी पुन्हा काढली. हात कितीही धुतले तरी नकोसे वाटतात.

६ एप्रिल
पोपट ढोलीत गेले! दोघंही! साळुंक्या कंटाळून निघून गेल्या. काकांनी टोपी हवेत उडवली. मी चक्क रडले — वेडी कुठली!

२१ एप्रिल
ढोलीत आठ अंडी! एरवी चार म्हणजे डोक्यावरून पाणी. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. "हे वर्ष आपलं," म्हणाले. मलाही तसंच वाटलं. वाटू द्यायला नको होतं.

१४ मे
फुटायचे दिवस उलटले. आज एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. आत काहीच नाही. पिल्लाची खूणसुद्धा नाही! साहेब म्हणतात, नरात दोष असेल. पण नर कुठला? या पोपटांत नर-मादी दिसायला एकसारखे. दोघांचं एकेक पीस तपासणीला पाठवलं. अंडी परत ठेवली — दोघं लगेच येऊन बसले. आळीपाळीनं, शहाण्यासारखे.

१५ मे
काही नाही.

२३ मे
अहवाल आला. दोन्ही माद्या.
नर उरलेलाच नाही. कधीपासून, कोण जाणे.