वहिनीच्या लग्नाची कार्डं

३ फेब्रु., मंगळ.
वहिनीने आज जेवताना सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न. दिवाकरराव, तिच्याच शाळेतले शिक्षक, घरची नरखेडला संत्र्याची बाग. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. बाबा ताटावरून उठले, बाल्कनीत जाऊन बसले.
नंतर मला म्हणाली, "मीनू, छापील नको. तू करते तशी हातची कार्डं करून देशील?" हो म्हटलं. बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

५ फेब्रु.
पहिला नमुना. पांढरा जाड कागद, कोपऱ्यात संत्र्याची फांदी, त्यावर चंदेरी चमकी. वहिनीच्या बोटांना लागली.
"बर्थडेचं वाटून राहिलं वं. मले थोडीशीच चमक पाहिजे." मग हळूच, "पण पाहिजे."
सहा वर्षं फिक्या साड्या. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी नको पण म्हटलं नाही, मीही.

८ फेब्रु., रवि.
महालातल्या बाजारातून मोत्यासारखी चमकणारी पूड आणली, मैद्यासारखी बारीक. डिंकाच्या पाण्यात कालवून लावली तर कागद पापडासारखा वळला. दुसराही. तिसराही.
बाबा मागे येऊन उभे. "काहून एवढा जीव काढून राहिली? आपल्या घरचं लग्न नाही ते."
"आपल्याच घरचं आहे, बाबा."
ते जेवले नाहीत. मी जेवली. उद्या पुन्हा बसायचं आहे.

१० फेब्रु.
जमलं!! पूड पाण्यात घालायचीच नाही. फक्त फांदीच्या पानांवर डिंकाचा पातळ हात, जरा चिकट असतानाच कोरडी पूड मऊ ब्रशने, उरलेली कापडाने टिपायची. सरळ पाहिलं तर काहीच नाही. कार्ड तिरपं केलं की पानं नुकती धुतल्यासारखी.
व.ने तिरपं केलं, सरळ केलं, परत तिरपं. "हे बरोबर आहे," म्हणाली आणि भाजी बघायला गेली. भाजी झालेली होती.

१४ फेब्रु.
सगळी झाली. खिडक्या लावून, वाऱ्याने पूड उडते म्हणून. मान धरली.
एक बाबांसाठी. व. नको म्हणत होती. "घरच्यांले काय कार्ड द्यायचं? त्यांले त्रास होईल."
"द्यायचं. आणि नाव तू लिही."
'ती. बाबांना' लिहिलं. अक्षर हललं. दुसरं मागत होती, दिलं नाही. तिनेच नेऊन त्यांच्या चष्म्याजवळ ठेवलं.

१६ फेब्रु.
दोन दिवस कार्ड तिथंच. आज ऑफिसातून आली तर बाबा खिडकीशी, कार्ड हातात, उजेडात हलवून पाहत.
"हे चमकते, का मले भास होऊन राहिला?"
"चमकते."
त्यांनी कार्ड पुन्हा तिरपं केलं.
"किती वाजता आहे?"
"अकरा. लिहिलं आहे आत."
"वाचलं मी."
मग विचारलं काहून, ते मी विचारलं नाही. कार्ड घेऊन आत गेले, दार लोटलं.
व. स्वयंपाकघरातून, "काय म्हणाले?"
"वेळ विचारली."
तिने गॅस बारीक केला. आणखी काही म्हणाले का, म्हणून तशीच पाहत राहिली.