निळ्या गाडीचं आजारपण

प्रिय राधू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बाबांची शुगर आटोक्यात आहे, आणि ती आटोक्यात ठेवल्याबद्दल ते रोज स्वतःला एक पेढा बक्षीस देतात. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला दोन ओळींपलीकडे जमत नाही, म्हणून सरळ कागद काढला. रविवारच्या मराठी शाळेत तुझी बाई मीच होते, तेव्हा अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही. पत्र सांता क्लाराला पोचेपर्यंत चार दिवस जातील, तेवढ्यात तुझा राग उतरेल अशी आशा आहे.

भांडण झालं ते डेलियावरून. तिला तू दिवाळीत उभ्या उभ्या भेटलीस, पण तिची-माझी ओळख कशी झाली ते तुला सांगायचंच राहिलं. गेल्या उन्हाळ्यात आपला दुधीचा वेल कुंपण ओलांडून तिच्या अंगणात गेला. ही पोरगी दोन दुधी घेऊन परत करायला दारात. मी म्हटलं, अगं, तिकडे लागले ते तुझे. तेव्हापासून भाज्यांची देवाणघेवाण सुरू आहे. होन्डुरासची आहे, नवरा छपरांच्या कामावर जातो, आणि तिला आता सातवा महिना आहे. या देशात राहायचे कागद नाहीत म्हणून लायसन्स नाही, म्हणून तपासणीला मी नेते. तू हसतेस माझ्या ड्रायव्हिंगला, पण पन्नाशीत गाडी शिकलेल्या बाईच्या भरवशावर कोणी निर्धास्त बसतं, याचं सुख मलाच ठाऊक.

आणि आता आपल्या राज्यात तो कायदा येऊ घातलाय. कागद नसलेल्या माणसाला जाणूनबुजून गाडीत बसवलं तर गुन्हा, मग दवाखान्यात का नेत असेना. पोलिसांनी रस्त्यात कोणालाही थांबवून कागद मागायचे, आणि तुझ्या-माझ्या रंगाच्या माणसांना आधी थांबवतील हे सांगायला ज्योतिषी नको. पोटुशी बाईला डॉक्टरकडे न्यायचं तर आधी कागद विचारा, असं कायद्याने सांगायचं? मला हे मनापासून अमानुष वाटतं. म्हणून मी विधानसभेच्या समितीपुढच्या सुनावणीत जाऊन बोलायचं ठरवलं. तू म्हणालीस, आई, वी डिड इट द राइट वे, आपण रांगेत उभे राहिलो, तू यात पडू नकोस, अडकशील. काळजीपोटीच म्हणालीस, ते मला कळलं. आपण नाकासमोर चालणारी माणसं, हे तुला आम्हीच शिकवलं. तेवढं बोलून तू फोन ठेवलास. त्याला आज तीन आठवडे झाले.

तर मंगळवारी आम्ही जाऊन आलो. दीड तास मीच ड्राइव्ह केलं. बाबांनी मांडीवर ती जाडजूड फाइल घेतली होती, माझ्या नागपूरच्या जन्मदाखल्यापासून तुझ्या लसीच्या कार्डापर्यंत सगळं, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, नुसतं नाव लिहा, कागद काही लागत नाहीत. बाबांना ते पटेना. त्यांनी तिला दोघांचे पासपोर्ट दाखवलेच. तिने बिचारीने कौतुकाने बघितले.

माझा घोटाळा वेगळाच. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी समितीसाठी बेसनाचे लाडू नेले होते, चाळीस. दारावरच्या गार्डने डबा उघडला आणि सांगितलं, आमदारांना काही द्यायचं नाही, ती भेटवस्तू धरतात. आता चाळीस लाडू परत न्यायचे? मी बाहेरच्या पॅसेजमध्ये वाटून टाकले. कायद्याच्या बाजूने पाटी घेऊन आलेला एक उंच गृहस्थ होता, त्यालाही दिला. त्याने आणखी एक मागून घेतला. तुमचं म्हणणं चुकतंय पण लाडू उत्तम आहे, म्हणाला. मी म्हटलं, बेसन मंद आचेवर भाजावं लागतं, घाई केली की कच्चं राहतं, कायद्याचंही तसंच आहे. तो हसला. त्याच्या पाटीवर तूप लागलं होतं.

आमची पाळी यायला तीन तास लागले. बसल्या बसल्या मला ओपलची आठवण येत होती. पहिल्या अपार्टमेंटमध्ये आपल्या खाली राहायची ती ओपल, तिचा पिवळा पिकअप तुला अजून आठवतो. तू पाच वर्षांची होतीस आणि आपली निळी गाडी आजारी होती. हिवाळाभर पार्किंगमध्ये नुसती उभी. तू तिच्या बॉनेटला बँड-एड लावलीस आणि रोज शाळेत जाताना तिला बरं वाटतंय का विचारायचीस. मला तेव्हा गाडी येत नव्हती, आणि बाबा चालवत नव्हते. तुला शाळेत सोडायला ओपल, मला भाजीला न्यायला ओपल. फेब्रुवारीत एका सकाळी तुझा श्वास अडकला, तेव्हा इमर्जन्सीत नेलं तेही तिनेच, गाऊनवर कोट चढवून. तू आमच्या दोघींच्या मध्ये बसली होतीस आणि तुझे ओठ निळे पडले होते. तुला त्यातलं फक्त परतीच्या वाटेवर खाल्लेलं पॅनकेक आठवतं. तसंच असू दे.

गाडीला काही झालं नव्हतं, राधू. त्या नोव्हेंबरात बाबांची नोकरी गेली, व्हिसाची मुदतही तेव्हाच संपली आणि व्हिसाबरोबर लायसन्स. चार महिने आपण तिघंही कागदांशिवाय राहत होतो. मग नव्या कंपनीने अर्ज केला, नागपूरला जाऊन नवा शिक्का घेऊन आलो, वकील म्हणाला थोडक्यात वाचलात. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची असं बाबांनी ठरवलं, आणि मीही तुझ्यासमोर मान खाली घालायला नको म्हणून गप्प राहिले. पण ओपलला मी पहिल्याच आठवड्यात तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, साडेसातला खाली या. म्हणजे तिने आपल्याला जाणूनबुजूनच गाडीत बसवलं. मी सहा पानांचं भाषण लिहून नेलं होतं आणि मिळाली दोन मिनिटं, त्यात मी फक्त हेच बोलले. बाबा मागच्या रांगेत उभे राहिले, मला दिसावे म्हणून. मतदान पुढच्या आठवड्यात आहे, काय होईल देव जाणे, पण त्या रात्री मला फार छान झोप लागली. सुनावणीचं रेकॉर्डिंग नेटवर आहे, कोणी ना कोणी तुला पाठवेलच, म्हणून हे पत्र. मी गेले याची माफी मागणार नाही. शंभर परक्या माणसांना सांगितलं आणि माझ्या लेकीला आधी नाही, याची मागते. पंधरा तारखेला डेलियाचं डोहाळजेवण करतेय, जमलं तर ये. एअरपोर्टवर मी येईन, आणि मागच्या सीटवर ती असेल. फाइलचा शेवटचा कप्पा, ज्याला बाबा तुला कधी हात लावू देत नव्हते, तो काल त्यांनी स्वतः उघडला. त्यात होतं ते सोबत पाठवतेय. तुझ्या बँड-एडचा चिकटपणा गेलाय, पण बॉनेटचा निळा रंग अजून तिला लागलेला आहे.

तुझीच, आणि अजून तुझीच बाई,
आई