एकदाच विचारणाऱ्या विहीणबाई

आदरणीय शर्मिलाताईंना भावजयीचा सविनय जयभीम.

तर त्या सकाळी मी मेथी निवडत होते, कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता, नळ जायच्या आत पिंप भरायचं होतं, आणि तेवढ्यात मेलबर्नहून आयुषच्या सासूबाईंचा, मार्गारेटबाईंचा, व्हिडिओ कॉल आला. (आपला गुडघा कसा आहे, हे आधी विचारायला हवं होतं. वाघोलीच्या डॉक्टरांनी पुन्हा चालायलाच सांगितलं असेल. फोनवर आपण मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.)

आपले बंधू गेल्यापासून मी धायरीत इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जाते, हे आपल्याला ठाऊकच आहे. वाचता येतं, वर्तमानपत्रं आणि औषधांच्या बाटल्या वाचून माझी मीच शिकले. बोलण्यासाठी सृष्टीमॅडम आहेत. वयाने आयुषपेक्षा लहान, पण मॅडम. त्यांनी शिकवलं, नुसतं "नो" उद्धट वाटतं, "नो, थँक यू, दॅट्स व्हेरी काइंड" म्हणावं. मी ते इतकं घोटलं की दूधवाला हल्ली पिशवी ठेवून पळतो.

तर मार्गारेटबाई म्हणाल्या, लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, तुम्ही आमच्याकडे येऊन राहा. ताई, मला इतकं जायचं होतं की हातातली जुडी खाली पडली. पण कुणी ये म्हटल्याबरोबर कोण हो म्हणतं? मी सफाईदारपणे म्हटलं, "नो, नो, थँक यू, दॅट्स व्हेरी काइंड." आणि आग्रहाची वाट बघत बसले.

बाई म्हणाल्या, "ऑफ कोर्स, आय अंडरस्टँड." आणि तिकडच्या थंडीबद्दल बोलू लागल्या. संध्याकाळी आयुषचा मेसेज, "नो प्रॉब्लेम, आई." (तोही आता तिकडचाच झाला.)

पुण्याला लोक उगाच नावं ठेवतात. इथे निदान दुसऱ्यांदा विचारतात तरी. क्लासमध्ये सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "काकू, उत्तर परफेक्ट होतं. त्यांनी तुमच्या मताचा आदर केला." इतका आदर माझा आजवर कुणी केला नव्हता. आपले बंधू असते तर मागून ओरडले असते, "तिचं ऐकू नका, ती येणार आहे." माझ्या 'नाही'चा अर्थ सांगणारं माणूस आता घरात नाही, हे त्या दिवशी कुकर बंद करताना नव्याने कळलं.

असो. मेथी बरी झाली होती.

आपली,
कौशल्या

ता. क. आयुषला सहज फोन करून "आईला जरा आग्रह कर" असं सुचवाल का? माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.

आणखी ता. क. वरचं राहू द्या. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी मीच मार्गारेटबाईंना फोन लावला आणि सांगितलं, "आय सेड नो. आय वॉन्ट टू कम."