जमिनीचं वैभव शून्य

आई, सगळ्यात आधी आली ती शेजारची बेन, वायरमनच्याही आधी. आमच्याकडे फुकटची गंमत आहे हे तिला वेवजीला माहेरी बसूनसुद्धा कळतं. ओट्याला टेकून हसतहसत विचारते, "शुं थयुं, फ्रिज पाछुं करड्युं?" पुन्हा चावला का म्हणे.

चावतो गं तो. तू गेलीस तेव्हा आपल्या वाडीत वीजच नव्हती, म्हणून सांगते, फ्रिज म्हणजे थंड कपाट, पत्र्याचं. पावसाळा लागल्यापासून त्याच्या दाराला हात लावला की माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या. मुलाला सांगितलं, त्यानं हात लावला, काही नाही. सुनेनं लावला, काही नाही. मग मला डहाणूला डॉक्टरकडे नेलं. त्यानं नसांच्या गोळ्या दिल्या, त्या मी खाल्ल्या, आणि फ्रिज चावतच राहिला. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, हाताचा भरवसा नाही तुझ्या. आता गॅसपाशी जायचं नाही." झालं. जन्मभर या घराला रांधून घातलं, आणि आता सून पानात वाढते ते मुकाट गिळायचं, तेही मिठाला कमी. माझं खरं आहे एवढं कुणाला पटवता येईना.

पटलं फक्त नातीला. ती सायन्सला आहे, बारावीत. माझ्या पायांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, घरात तू एकटीच अनवाणी असतेस."

ते तुझ्यामुळे. चिकू उतरवून मी तशीच चपला घालून आत आले तो दिवस तुला आठवत नसेल. मी शेणानं सबंध स्वयंपाकघर पुन्हा सारवतेय, तू पाठमोरी भाकऱ्या थापतेस, आणि भिंतीला सांगावं तसं म्हणतेस, "चुलीपुढं चपला? अन्न शिजतं इथं." तेव्हापासून नाही घातल्या. आता खाली गार लादी आहे, मुलगा-सून घरातल्या रबरी चपला घालून फिरतात. मी ओल्या पायांनी.

नात म्हणाली, पत्र्याचा विभव जास्त, जमिनीचा शून्य, मधे तू. मला ऐकू आलं वैभव. अशी चिडले मी! म्हटलं, घरात फ्रिज आला म्हणून त्याचं वैभव मोठं, आणि ज्या जमिनीनं तुझ्या बापाला शिकवलं तिचं शून्य? ती हसूनहसून खाली बसली. मग नीट सांगितलं. टाकीचं पाणी नळाला उतरतं ते टाकी उंच असते म्हणून, तशी वीज. आणि वाट देतो तो वाहक. म्हटलं, वाहक म्हणजे आपल्या वाडीतले बापू, तलासरीच्या एसटीत तिकिटं फाडायचे. ती म्हणाली, नाही गं, इथं वाहक तू. आणि रबराचं काय, विचारलं, तर त्यातले कण विजेनं ओढलं की जागच्या जागी कलतात म्हणे, पण जागा सोडत नाहीत. म्हटलं, तुझ्या बापासारखे. माझं ऐकतो, मान कलवतो, उठत काही नाही.

पण तिनं त्याला उठवला, वायरमन बोलवायला लावला. तो आला जाड बूट घालून, दार तीनदा चापटून बघितलं. "काही नाही, मावशी. मनाचे खेळ." बेन हसली, मुलगा खाली बघायला लागला. मला रडूच यायचं बाकी होतं.

नात शांतपणे म्हणाली, "काका, बूट काढून लावा ना हात."

आणि आई, तो तिथंच थांबला. एक हात फ्रिजकडे, एक बुटाच्या नाडीकडे. मग बूट न काढताच त्यानं खिशातून टेस्टर काढला, पत्र्याला टेकवला, आणि त्यातला इवलासा दिवा लागला. बेनचं हसू कुठं गेलं कोण जाणे. मुलगा म्हणाला, "आई, सांगितलं का नाहीस नीट?" बघ, आता तेही माझंच. पावसाळाभर घसा कोरडा केला तो कुणासाठी? पण नातीनं मला कवेत घेतलं तेव्हा त्याच्यावरचा राग धरून ठेवता येईना.

आता मागच्या दारी खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून, वायर जमिनीत सोडायची आहे, अर्थिंग म्हणतात त्याला. तोवर फ्रिजची पिन काढून ठेवली आहे. म्हणजे शेवटी सगळं पोटात घेणार ती शून्य वैभवाची जमीनच. गॅस मला परत मिळाला. काल वालाची उसळ केली, मीठ बरोबर.

हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर टाकू? आणि टाकवणारही नाही, कारण उसळ करताना माझ्या पायांत नातीनं दिलेल्या रबरी चपला होत्या. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाठ करून उभी होते. पायांना बरं वाटत होतं गं.

वायरमन गुरुवारी येतो म्हणालाय. बेन त्याच्या आधी येईल.